शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलाच्या कडेला खेळातलं स्टिअरिंग आवळून बसवलं, तेव्हा माणसांनी जेवायचं कुठे हा प्रश्न घरात माझ्याशिवाय कुणालाही पडला नाही. चौतीस वर्षांचा बाप्या. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसून गाडी गाडी खेळतो. टेबलाखाली क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर अशी तीन पेडलंही मांडली होती, आणि ती मागे सरकू नयेत म्हणून माझी इस्त्री टेकवून ठेवली होती.

"आई, हा नुसता खेळ नाही," तो म्हणाला. "अगदी खऱ्या गाडीसारखं आहे. टायर झिजतात, पेट्रोल संपतं, ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. वेळेवर ब्रेक नाही मारला तर सरळ भिंतीत."

"मग आधी आरसा बघ," मी म्हणाले.

माझं असंच आहे. मी गाडी चालवायला शिकवते, चोवीस वर्षं झाली. शिकणारा स्टिअरिंगवर आणि मी शेजारच्या सीटवर. माझ्या पायाखाली जास्तीचा एक ब्रेक बसवलेला असतो. समोरच्याने घोळ घातलाच तर तो मी दाबायचा. चोवीस वर्षांत किती जणांना शिकवलं त्याचा मी हिशेब ठेवलेला नाही, पण गाडीला एक ओरखडा नाही, हे मी कुणी न विचारताही सांगते. घरातल्यांचे कान किटले आहेत.

तर चिरंजीव खेळत होते आणि मी सोफ्यावर बसून उशीचा अभ्रा शिवत होते. बघवत नव्हतं. वळण आलं की हा पठ्ठ्या वळणातच ब्रेक मारणार, मग गाडी गरागरा फिरणार, मग गवतात. पुन्हा वर "ओह" म्हणणार, जसं काही गवतच चालून आलं.

"वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही," मी सांगितलं. "बाजूने गाडी येतेय. दिसत नाही का? डोळे आहेत की बटणं?"

पाचव्यांदा गवतात गेल्यावर तो उठला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. "तू चालवून दाखव."

मला काय कुणाची भीती आहे. मी बसले. खुर्ची पुढे घेतली, पाठ टेकवली, आणि हात आपोआप खांद्याकडे गेला, पट्टा ओढायला. तो हसला. मी इंडिकेटर शोधला. इंडिकेटर नाही म्हणे.

"मग ही गाडी रस्त्यावर आणलीच कशी?"

"आई, रेसिंगची गाडी आहे ती."

हिरवा दिवा लागला आणि बाकीच्या अकरा गाड्या जळत्या घरातून पळाल्यासारख्या सुटल्या. मी दोन्ही आरसे बघितले, पहिला गिअर टाकला आणि निघाले. समुद्राकाठचा रस्ता होता, छान होता. त्या अकरा जणांनी मला फिरून येऊन दोनदा ओलांडलं, आणि प्रत्येक वेळी मी कडेला घेऊन त्यांना वाट दिली. शेवटी माझा नंबर बारावा आला. खाली लिहून आलं, नुकसान शून्य.

"बाकीचे घरी जाऊन जेवून झोपलेसुद्धा असतील," चिरंजीव म्हणाले.

"गाडीला ओरखडा आहे का सांग."

खिडकीपाशी आमचे हे बसले होते. घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून दिवसच्या दिवस एका जागी बसतात आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलतात. त्यातला एक त्यांनी तेव्हा खर्च केला. "नाही," ते म्हणाले.

इतक्यात सूनबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली. ती नर्स आहे, रुग्णालयात तिला सदा रात्रपाळी. सकाळी आठला येते, दुपारी चारला उठते. चिरंजीव सकाळी सातला कामावर जातात. चार वर्षांच्या संसारात नवराबायकोची गाठ मुख्यतः जिन्यात पडलेली. आता कुठे तिला दिवसाची नोकरी मिळत होती, घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा बांधायच्या, औषधं द्यायची. गाडी तेच देणार होते. अट एकच, एक तारखेच्या आत लायसन्स. एक तारीख पुढच्या सोमवारी होती. त्याआधी परीक्षा एकच, येत्या गुरुवारची. आणि पोरगी तीनदा नापास झालेली होती.

तीनदा. मी शिकवलेली असून. माझ्या नाकाला किती झोंबलं असेल ते तुम्हीच समजा. पहिल्यांदा पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर, दुसऱ्यांदा लाल दिव्याला, तिसऱ्यांदा बसच्या मागे. तिन्ही वेळा परीक्षकाने कागदावर एकच लिहिलं, ब्रेक उशिरा. परीक्षा माझ्याच गाडीत होते, फक्त माझ्या जागी परीक्षक बसतो. त्याला तो दुसरा ब्रेक मारावा लागला की परीक्षा तिथेच संपली.

तिसऱ्या वेळी मी त्या परीक्षकाच्या टेबलापाशी जाऊन तोंड सोडलं होतं. म्हटलं, आठ महिने ही माझ्या शेजारी गाडी चालवतेय, एकदा म्हणून थांबायला उशीर केला नाही. लोण्यासारखी गाडी थांबवते. तुम्हीच घाबरट आहात, कुणी शिंकलं तरी ब्रेक मारता. तो बिचारा शांत माणूस. "मॅडम, माझा पाय उगाच ब्रेकवर जात नाही," एवढंच म्हणाला. घरी येताना गाडीत मी सूनबाईलाही सोडलं नव्हतं. परीक्षेत हातपाय गळतात तुझे, मन घट्ट कर, लहान आहेस का, असं सगळं. ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

त्या रविवारी माझी गाडी गॅरेजमध्ये होती. क्लचप्लेट बदलायची होती, मंगळवार संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. परीक्षा चार दिवसांवर आणि सरावाला गाडी नाही, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. टेबलावरचं ते स्टिअरिंग बघून डोक्यात आलं.

"तू बस गं इथे," मी सूनबाईला म्हणाले.

"नको, आई. स्टिअरिंग बघितलं तरी पोटात गोळा येतो."

"गोळा घेऊन बस. निदान हातपाय चालू राहतील."

ती बसली. मी सवयीने तिच्या शेजारी स्टूल ओढलं. चिरंजीवांनी बाकीच्या गाड्या काढून टाकल्या, रस्ता रिकामा करून दिला. ती निघाली, आणि छान निघाली. गिअर बरोबर, हात बरोबर. लांब सरळ रस्ता होता आणि शेवटी उजवं वळण. वळणाआधी कडेला पाट्या होत्या, दोनशे मीटर, शंभर, पन्नास. सूनबाईने दोनशेच्या पाटीला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. शंभर गेली. पन्नास गेली. गाडी सरळ टायरच्या ढिगात जाऊन आदळली.

"होतं पहिल्यांदा," मी म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही तेच, पाटी न पाटी तीच, टायर न टायर तोच. मला कळेना. घाबरलेली म्हणावी तर चेहरा शांत. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून वेळेवर उचलायची, तो तसाच हवेत धरायची आणि समोर बघत राहायची. कशाची तरी वाट बघितल्यासारखी.

"सतरंजी," खिडकीतून आवाज आला.

"काय सतरंजी?"

"तुझ्या पायाखालची बघ," आमचे हे मान न उचलता म्हणाले.

मी खाली बघितलं. माझ्या उजव्या पायापुढे सतरंजी गोळा होऊन तिच्या वळकट्या झाल्या होत्या आणि माझी चप्पल निसटून टीव्हीखाली गेली होती. चिरंजीवांनी खेळ थांबवला.

सूनबाईने हळूच विचारलं, "आई, तुमच्या गाडीत ब्रेक मी मारते की तुम्ही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मी? चोवीस वर्षं हे काम करतेय, कधी पाय ठेवायचा आणि कधी नाही हे मला कळत नाही? समोरच्याला पुरती संधी दिल्याशिवाय माझा पाय हलत नाही. मनात एक, दोन म्हणते आणि मगच दाबते. इतक्या लोकांना असंच शिकवलं. आणखीही बरंच बोलले. आवाज चढला की मला तो खाली आणता येत नाही.

आमचे हे उठले. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात स्क्रू, स्प्रिंगा, काटे असलं काय काय असतं. तो त्यांनी टेबलावर रिकामा केला, झाकण लावलं आणि माझ्या पायाखाली आणून ठेवला. "आता चालव," ते सूनबाईला म्हणाले.

ती निघाली. दोनशेच्या पाटीला तिचा पाय उठला, आणि डबा वाजला. ठण. मी पाय हलवल्याचं मला कळलंही नव्हतं. पुढचं वळण, ठण. मी पाय घट्ट रोवून बसायचं ठरवलं, तरी तिसऱ्या वळणाला ठण. त्या रस्त्याला सहा वळणं होती. सहाव्या वळणानंतर झाकणाला जो पोचा आला तो अजून आहे.

चिरंजीव तोंडावर हात धरून हसत होते. सूनबाई हसत नव्हती. "मला वाटायचं, पाय उचलला की गाडी आपोआप थांबते," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत थांबायची."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. आपल्या घरचं माणूस आपण शिकवायचं नाही, दुसऱ्याच्या गाडीत पाठवायचं. माझ्या ओळखीचे सगळे शिकवणारे ती पाळतात. मला वाटायचं, भांडणं होतात म्हणून असेल. आमच्यात काही भांडण होत नाही, मी बोलते आणि ती ऐकते, म्हणून मी तिला माझ्याच गाडीत घेतलं. भांडणाचा प्रश्नच नव्हता, हे मला त्या नळाखाली कळलं. परक्या माणसाच्या शेजारी माझा पाय एक, दोन मोजतो. हिच्या शेजारी तो मोजतच नव्हता. समोर बस दिसली की मनात एकच यायचं, या पोरीला काही झालं तर. आणि पाय खाली. आठ महिने मी तिला तोंडाने बोल लावले आणि पायाने तिला एकदाही थांबू दिलं नाही. तीन परीक्षा माझ्या पायापायी गेल्या, आणि दोष मी तिला दिला, परीक्षकाला दिला, एकदा तर रस्त्याच्या डांबरालाही दिला होता.

ती आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहून भांडी पुसायला लागली.

"मी रागावले नाही, आई."

"का नाही? रागाव की. तुझ्या जागी मी असते तर यातली दोन तरी फोडली असती."

"छान थांबायची हो गाडी. मी तुमच्या मुलाला सांगायचे, माझा ब्रेक किती हलका आहे."

"मीच मारत होते, छान थांबणारच," मी नाक ओढत म्हणाले. आता मात्र ती हसली, अशी हसली की हातातली बशी सुटता सुटता राहिली. मग मी म्हणाले, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी चौतीस वर्षांत चिरंजीवांनाही म्हटलेले नाहीत, त्यामुळे ते बाहेरच्या खोलीत लगेच उठून उभे राहिल्याचा आवाज आला.

सूनबाईने परीक्षेपर्यंत रजा टाकली आणि त्या संध्याकाळपासून नवा कायदा झाला. सूनबाई खेळणार आणि मी स्वयंपाकघरात बसणार. दिसायचं नाही, फक्त ऐकायचं. सोमवारी दुपारभर मी मटार सोलत टायरांच्या किंकाळ्या ऐकल्या. एक किंकाळी, मग धडाम. एक किंकाळी, मग गवत. माझ्या पायाखाली आता काही नव्हतं, तरी चार वाजेपर्यंत पोटरीत गोळा आला.

"आधी ब्रेक, मग वळण," मी आतून ओरडायचे. "पाटी बघ. दोनशेला पाय उचल, शंभरला दाब. एकदम नको, हळूहळू दाब."

"पाटी गेली, आई."

"मग परत फिरून ये. पाटी कुठे जात नाही."

संध्याकाळी धडाम कमी झाले. मग मी काम वाढवलं. जिथे शर्यत सुरू होते तिथे रस्त्यावर एक पांढरी रेघ आहे. म्हटलं, ही रेघ म्हणजे पादचाऱ्यांचे पट्टे समज. दर फेरीला तिथे गाडी थांबव. रेघेच्या आत, पुढचं चाक रेघेला न लावता. आणि तीन अंक मोजून मग निघ.

मंगळवारी तिने इतकी प्रगती केली की चिरंजीवांनी कामावरून आल्यावर खरी माणसं असलेली शर्यत लावून दिली. इंटरनेटवरून कुठली कुठली माणसं आपापल्या घरातून त्यात खेळत होती. सूनबाई आपली दर फेरीला पांढऱ्या रेघेला थांबायची. मागून येणारे तिच्यावर आदळायचे आणि काहीबाही लिहून पाठवायचे. चिरंजीव त्यातलं वाचण्यासारखं तेवढं वाचून दाखवायचे.

"एक जण विचारतोय, गाडीत म्हातारी बसली आहे का."

"सांग, सासू आहे," मी आतून म्हणाले. "पण ती गाडीत नाही, स्वयंपाकघरात बसवली आहे."

त्याने ते खरोखर लिहिलं. त्यानंतर तो माणूस पांढऱ्या रेघेला आमच्या मागे येऊन थांबायला लागला म्हणे.

संध्याकाळी गाडी गॅरेजमधून आली. आमचे हे बॅटरी आणि पेचकस घेऊन शेजारच्या सीटखाली डोकं घालून बसले. मी जाऊन बघितलं तर त्यांच्या हातात एक काळा बझर होता. दुसरा ब्रेक बसवताना बसवणाऱ्याने तोही दिला होता. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की तो वाजायचा. चोवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच आठवड्यात मी तो काढून फेकायला दिला होता, डोकं उठायचं म्हणून.

"हा तुम्ही फेकला नव्हता?"

"डब्यात होता," ते म्हणाले. "म्हटलं, लागेल कधीतरी."

हा माणूस इतकी वर्षं माझ्या घरात गप्प बसून काय काय जपून ठेवतो कोण जाणे. मी दिवा धरून उभी राहिले.

बुधवारी दुपारी आम्ही दोघी खऱ्या रस्त्यावर निघालो. गल्लीच्या तोंडाशीच बझर वाजला. मग किराणा दुकानापाशी, मग शाळेपाशी, मग एक मांजर नुसतं भिंतीवर बसलेलं होतं तिथेही. मी पाय सीटखाली ओढून धरले तरी ते पुढे जायचे. नवव्यांदा वाजला तेव्हा सूनबाईने गाडी कडेला घेतली.

"आई, चपला काढा," ती म्हणाली.

"कशाला?"

"काढा तर. आणि मांडी घाला."

कुठल्याही शिकवणाऱ्याने करू नये असं काम मी केलं. चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसले. पट्टा जेमतेम पुरला. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि निघाली. मी हळूच हात हँडब्रेकवर ठेवला. तिने समोरची नजर न काढता तो उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला. लहान मुलाचा हात साखरेच्या बरणीतून काढावा तसा.

पुढे बस थांबली. माझे गुडघे आपोआप आवळले. बसचे दिवे मोठे होत गेले. मी मनात म्हणाले, एक. आणि गाडी थांबली. थोडी झटक्याने थांबली, माझ्यासारखी नाही. पण तिने थांबवली होती, बसच्या चांगली दहा हात मागे. पुढचं थांबणं हलकं होतं, त्याच्या पुढचं आणखी हलकं. चौकात एक आजोबा काठी टेकत पट्ट्यांवर उतरले, तर ती त्यांच्या बरीच आधी थांबली आणि तोंडाने हलकेच मोजलं, एक, दोन, तीन. आजोबांनी काठी वर करून आभार मानले. तासाभरात बझर एकदाही वाजला नाही. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच माझं कौतुक.

गुरुवारी सकाळी परीक्षक माझ्या जागी बसला. "हे काय नवीन?" त्याने बझरकडे बघून विचारलं.

"तुमचा पाय ब्रेकवर गेला की वाजतो," मी म्हणाले. "माझ्यासाठी बसवलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं असावं. गाडी फाटकातून बाहेर गेली आणि मी बाकावर बसले. शेजारी कुणाचा तरी बाप बसला होता, तो हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. मी त्याला दोनदा गप्प केलं. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. परीक्षा मध्येच संपली तर गाडी लवकर परत येते, हे मला माहीत होतं. येत नव्हती, हे चांगलं. पण येतच नव्हती, हे काही चांगलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला ती फाटकाशी दिसली. आत वळत होती, आणि एक सायकलवाला बाहेर निघायच्या घाईत सरळ तिच्यासमोर आला. मी बाकावरून उठले. माझा पाय फरशीवर इतका जोरात आपटला की शेजारचा बाप दचकला. गाडी थांबली. सायकलवाला हात दाखवून निघून गेला. काचा उघड्या होत्या, अंतर वीस पावलांचं. मी कान टवकारून ऐकलं. बझर नव्हता. इंजिनाचा आवाज होता, एका चिमणीचा होता, बझर नव्हता.

परीक्षक उतरला, कागदावर सही केली आणि माझ्यापाशी आला. "मॅडम, आज माझ्या पायाला काही काम पडलं नाही," तो म्हणाला.

"त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले," मी म्हणाले. "ते सगळं माझ्या पायाला लागू होतं."

सूनबाई मागे उभी होती. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावर दोन मिनिटं मनसोक्त रडले. ती रडली नाही. नर्सच ती. पाठीवर थोपटून म्हणाली, "चला आई, मांडी घाला. घरी मी नेते."

सोमवारी सकाळी तिच्या नव्या नोकरीची पांढरी गाडी आमच्या दारात उभी होती. मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या. चिरंजीवांनी कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं होतं आणि बायकोला खिडकीतून डबा देत उगाच रेंगाळत होते. आता संध्याकाळी सहाला दोघंही घरी असणार, म्हणजे टेबलावरचं स्टिअरिंग कुणी धरायचं यावरून वाद होणार, हे मला दिसतच होतं. आमचे हे खिडकीत भिंग कपाळावर चढवून उभे होते. त्यांनी हात हलवला.

"शेजारची सीट रिकामी आहे गं," मी म्हणाले. "सांभाळून."

"रिकामीच बरी, आई," ती म्हणाली, आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि निघाली.

मी दाराच्या पायरीवर उभी राहून बघत होते. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता आहे, तिथे गाड्या वेगाने येतात, तिथे थांबायलाच लागतं. गाडी टोकाकडे गेली. माझा पाय पायरीवर दाबला गेला, चप्पल घसरेपर्यंत. सवय ती, एका आठवड्यात थोडीच जाते.

पण गाडीचे मागचे लाल दिवे त्याच्या आधीच लागले होते.